वसराम काकांच्या टिकल्या

वसराम काका कोणाच्याही घरी गेले की आधी रांजणाचं झाकण उचलत आणि मग राम राम म्हणत. बॅटरीचा झोत आत टाकून पाणी नीट पाहून झालं की मगच त्यांना घरात माणसंही आहेत याची जाणीव होई. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आरोग्यसेवक होते आणि डासांच्या अळ्या शोधणं हे त्यांचं कामच होतं, हे कबूल. पण मी त्यांना एका लग्नात, नवरदेवाला आहेर देण्याआधी, मांडवामागच्या पाण्याच्या टाकीवर चढताना पाहिलंय. नवरीच्या बापाला वाटलं पाहुण्याला तहान लागली. तो धावत ग्लास घेऊन आला. काकांनी तो ग्लासही आधी उजेडाला धरून पाहिला, मग प्यायले.

मी आर्णी तालुक्यातल्या त्या केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले तेव्हा यवतमाळ शहराबाहेर कधी राहिले नव्हते. आमचं घर तीन पिढ्यांपासून कचेरीवाल्यांचं. नाला म्हणजे पुलावरून जाताना नाक दाबायची जागा, एवढीच माझी ओळख. पहिल्या दिवशी माझ्या टेबलाशी गेले तर सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी औषधाच्या पाच मोठ्या जुन्या बरण्या ओळीनं मांडलेल्या, आणि त्यांत बोटाबोटाएवढे मासे. मी एक बरणी बाजूला सारायला हात पुढे केला.

"हात नका लावू म्याडम," मागून आवाज आला. "आत्ताच जेवले. जराशे पडले हायेत."

मागे एक उंच, वाळका माणूस उभा होता. मिशा पांढऱ्या. शर्टाच्या एकाच खिशात ड्रॉपर, रक्तनमुन्याच्या काचपट्ट्यांची डबी आणि फुटाण्यांची पुडी कोंबलेली, त्यामुळे सगळा शर्ट डावीकडे उतरलेला. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. आधी माशांची ओळख करून दिली.

"हे फुलसावंगीवाले. तिकडं मी सहा वर्सं होतो. भांडकुदळ हायेत, पण मनाचे साफ. हे आर्णीवाले, आपल्या मांगच्या नाल्यातलेच. पट्टे पाहा, निळे-पिवळे. अन हे झरी जामणीचे. जंगलातले हायेत, लाजाळू. पाहुण्यासमोर जेवत नाहीत. तिकडच्याले त्या जागेची सवय, इकडच्याले इकडची. म्हून एकात दुसरा टाकत नाही मी."

"आणि ही?" मी शेवटच्या बरणीकडे बोट दाखवून विचारलं. चौथ्या बरणीत आर्णीचेच दुसरे कोणी होते, पण पाचवीत नुसतं पाणी आणि एक हिरवी वेल.

"थे खाली हाये," काका म्हणाले आणि फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले. बोलायला लागल्यावर थांबणं ज्यांना ठाऊक नव्हतं असे काका एखाद्या विषयावर गप्प होतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुढे कळलं की तो विषय एकच होता.

बाकी सगळ्या विषयांवर ते भरपूर बोलत. मासे पाळण्याबद्दल त्यांची मतं पक्की होती आणि ती ते तापानं फणफणलेल्या रुग्णालाही, बोटातून रक्त काढता काढता, ऐकवत. पाळायचं तर आपल्या नाल्यातलं पाळावं. कुठल्या तरी समुद्रापारचा मासा आणून काचेत ठेवायचा आणि आपल्या पायाखालच्या पाण्यात कोण राहतं ते ठाऊकच नाही, याला ते शुद्ध बेअक्कलपणा म्हणत. मात्र हे ऐकून कोणी पोपटाचं पिलू किंवा कासव घेऊन आला तर खैर नसे. "पोपट नाही, कासव नाही. कायदा हाये. जाय, जिथून आणलं तिथं ठेवून ये," असं म्हणून ते त्या माणसाला तसाच उन्हात परत पाठवत. मासेसुद्धा त्यांनी कायमचे कधी ठेवले नाहीत. चैत्र सरता सरता नाल्याचे डोह आटू लागले की काका जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यानं चिखलात तडफडणारे मासे उचलत आणि केंद्रामागच्या सिमेंटच्या टाक्यांत आणून ठेवत. नाल्याला पाणी आलं की ज्या डोहाचे त्या डोहात परत. पाच-सात जण तेवढे वर्षभर सोबतीला बरणीत. आमचे डॉक्टर या टाक्यांना वसराम काकांचं वसतिगृह म्हणत आणि उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत स्वतः तिथे जाऊन उभे राहत.

आमच्या केंद्राच्या हद्दीतल्या बंजारा तांड्यातले लोक त्यांना हसत. काका तिथलेच, गोर बंजारा. आजोबांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला, आणि हा त्यांचा वंशज बादलीतून मासे वाहतो, असं खुद्द त्यांचा मोठा मुलगा मला म्हणाला होता. काकांनी ते ऐकलं. "मंग? लदेनीच हाये थे," ते म्हणाले. "माल तेवढा जिता हाये." लदेनी म्हणजे बैलांच्या तांड्यानं माल वाहणं, हे नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं.

आता आमच्या घरची फजिती सांगायला हरकत नाही. आमच्या यजमानांनी नागपूरहून काचेची मोठी पेटी आणली होती, त्यात रंगीत मासे आणि काच साफ करायला म्हणून एक काळा, खरखरीत, तोंडानं काचेला चिकटणारा मासा. रंगीत मासे एकेक करून गेले. काळा वाढत राहिला. वीतभर झाला, मग हातभर होण्याच्या बेतात आला, आणि पेटीत त्याला वळताही येईना. सासूबाईंना त्याची दया आली. त्यांनी ठरवलं, एकादशीला त्याला देवळामागच्या तळ्यात सोडायचं, मुक्या जिवाला मोकळं केल्याचं पुण्य लागेल. हळदकुंकू लावायला मासा कुठून धरायचा, यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. मी हे सहज म्हणून केंद्रात सांगितलं. काकांच्या हातातली काचपट्टी खाली पडली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळच्या एसटीनं काका झाकणाची बादली घेऊन यवतमाळला आमच्या दारात हजर. सासूबाईंना वाकून नमस्कार केला. (त्याआधी स्वयंपाकघरातलं पिंप पाहिलं, ते वेगळं.)

"माय," ते म्हणाले, "हा बाहीरचा हाये. याले तळ्यात सोडलं तं हा सारं खाईन, अंडी खाईन, बांधात बिळं करीन, अन याले खाणारं आपल्याकडं कोणीच नाही. एकाले मोकळं कराव अन साऱ्या तळ्याले कोंडाव, हे पुण्य नोहे."

"मग त्याचं करायचं काय?" सासूबाई म्हणाल्या. "मारायचा?"

"मारता कायले? त्याचा काई गुन्हा हाये का? आणला आपण. मी नेतो."

त्यांनी नेला. वसतिगृहाच्या टाक्यांपासून दूर, जिथलं पाणी कुठेच वाहून जात नाही अशा एका पडक्या हौदात त्याला ठेवला, आणि त्याचं नाव ठेवलं जावईबापू. "खाते, पडून राह्यते, कोणाशी बोलत नाही, अन वाढत जाते," असा खुलासा केला. ज्या जातीचा काका मनापासून राग करत त्यातल्या या एकाला त्यांनी चार वर्षं काकडीचे आणि दुधीचे तुकडे स्वतःच्या हातानं भरवले. तो मेला त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "त्याले इथं कोणी नोतं म्याडम. मी एकटाच होतो." मला त्या माणसाबद्दल जे वाटतं त्यातलं निम्मं त्या एका वाक्यामुळे वाटतं.

काका त्याला न्यायला आले होते त्याच रविवारी, परतताना, यजमानांनी त्यांना कौतुकानं शहरातलं रंगीत माशांचं दुकान दाखवायला नेलं होतं. काका एका काचेसमोर थबकले आणि मोठ्यानं ओरडले, "अरे! तुमी इथं काय करून राह्यले बे?" आत निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे छोटे मासे होते. दुकानदार म्हणाला, "बाहेरचा माल आहे, फॉरेनचा." काका म्हणाले, "फॉरेन गेलं उडत. हा आर्णीचा हाये. मी याच्या साऱ्या खानदानाले वळखतो." दुकानदारानं यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी छताकडे. काकांनी मात्र निघेपर्यंत त्या माशांशी गावाकडची खबरबात केली.

आता ती पाचवी बरणी. काकांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघं तांड्यावर रक्तनमुने घ्यायला गेलो होतो. तांड्याच्या वरच्या अंगाला दगडी पायऱ्यांची जुनी बारव आहे. प्यायला आता नळ आला, पण धुणं, गुरंढोरं, भाजीपाला सगळा त्याच पाण्यावर. काका तिथे कधी रेंगाळत नसत. त्या दिवशी पायरीवर बसले आणि आपणहून बोलले.

"माह्या लहानपणी यात टिकल्या होत्या."

टिकली म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहणारा, डोक्यावर पांढरा चमकता ठिपका असलेला. वरून पाहिलं की मासा दिसत नाही, नुसते ठिपके फिरताना दिसतात. तांड्यातल्या बाया कपाळाच्या टिकलीवरून त्याला टिकली म्हणत. काका नव्यानं नोकरीला लागले तेव्हा वरून आदेश आला की विहिरींत गप्पी मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातात. गप्पी परदेशातून आलेले, पण खातात हे खरं. तरण्या वसराम आड्यांनी पहिला मान आपल्या तांड्याला दिला. नारळ फोडला, गळ्यात हार पडला, बादलीभर गप्पी बारवेत सोडले. टाळ्या झाल्या.

"दोन-तीन वर्सांत टिकल्या दिसेनाशा झाल्या," काका म्हणाले. "थ्याही अळ्याच खात होत्या, म्याडम. पहिल्यापासून खात होत्या. मले ठाऊक होतं न! याच पायरीवर बसून मी पाहेलं होतं. पण कागदावर गप्पी होतं, अन माह्या गळ्यात हार होता."

टिकल्या कशानं गेल्या याला कोणी दुसरंही कारण देईल. काकांनी आपला निकाल केव्हाच लावून टाकला होता. निवृत्तीआधी बारवेतून एकूण एक गप्पी काढायचा आणि टिकल्या परत आणायच्या, हे त्यांनी मला त्या पायरीवर सांगितलं. डॉक्टरांना सगळी गोष्ट सांगून त्यांची परवानगी घेतली. तांड्याचा नायक, म्हणजे तिथला प्रमुख, तयार झाला, पण एका अटीवर. बायांना डासांची भीती होती. बारव उपसल्यापासून पंधरा दिवसांत टिकल्या आल्या तर ठीक, नाही तर पावसाआधी पुन्हा गप्पी.

मेच्या शेवटी, पाणी तळाला गेलं तेव्हा, बारव उपसली. इतकी मजा मी आयुष्यात फार कमी वेळा केली आहे. मोटरच्या तोंडाला फडकं बांधलं, पाणी नाल्याकडे जाऊ न देता नांगरलेल्या वावरात सोडलं. खाली चिखलात गुडघाभर उतरून अर्धा तांडा गप्पी धरत होता. कोणाकडे मच्छरदाणी, कोणाकडे पुरणाची चाळणी, नायकाच्या सुनेनं तर लग्नातला दुपट्टाच आणला होता. एक म्हातारं कासव निघालं, त्याला घमेल्यात सावलीला बसवलं, तर ते घमेल्यासकट चालू लागल्यासारखं हलायला लागलं आणि पोरी किंचाळत पळाल्या. गप्पी मारायचे नाहीत, असा काकांचा हुकूम होता. केंद्रात गप्पी वाढवायचा सरकारी हौद होता, सगळे तिथे रवाना झाले. मग ब्लिचिंग पावडर, पुन्हा उपसा, पुन्हा नवं पाणी. चौथ्या दिवशी बारव स्वच्छ भरली आणि कासव परत गेलं.

आता टिकल्या आणायच्या. काकांना वाटत होतं की वरच्या नाल्यात त्या असणारच. दोन रविवार आम्ही डोहामागून डोह पालथे घातले. पट्टेवाले मिळाले, अंगभर ठिपकेवाले मिळाले, गप्पी तर पुष्कळ मिळाले. टिकली एकही नाही. काकांचं बोलणं कमी होत गेलं. दहा दिवस झाले. मी म्हणाले, झरी जामणीला माणूस पाठवू, तिकडे टिकल्या असतील, मासा तर तोच. डॉक्टरही हेच म्हणाले.

"तोच नसते म्याडम," काका म्हणाले. "एकदा मी दुसरीकडचा आणून टाकला. आता पुन्हा तेच करू?"

बाराव्या दिवशी सकाळी बारवेवर बाया जमल्या. पाण्यात पहिल्या अळ्या दिसल्या होत्या. एकीनं कळशीत भरून काकांच्या नाकासमोर धरल्या. नायकानं घसा खाकरला. काका पायरीवर मान खाली घालून बसले होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात सोनकीबाई आली.

सोनकीबाई ही काकांची थोरली बहीण. सत्तरीची, हातभर पांढऱ्या बांगड्या, पाठ ताठ. काका जगात एकाच माणसाला घाबरत, ती ही. तांड्यातलं प्रत्येक रांजण तपासणारे काका तिच्या दारातून मात्र तसेच पुढे जात, कारण वर्षानुवर्षांपूर्वी तिनं त्यांना बजावलं होतं, माझ्या पाण्यात डोकावायचं नाही. आणि तिच्याकडे डासांचा कधी त्रास नसे. काका ते तिच्या शिस्तीच्या खाती जमा करत आणि दुसऱ्या बायांना तिचं उदाहरण देत. पुढचं सगळं दोघांच्यात गोरबोलीत झालं. तेव्हा मला निम्मं कळलं, बाकीचं नायकाच्या सुनेनं सांगितलं. मी आपल्या बोलीत सांगते.

"काय शोधून राह्यला रे वसऱ्या?" तिनं विचारलं.

"टिकल्या, बाई."

"कायले? तुह्या हाराच्या माशानं खाल्ल्या न?"

काकांनी कळशीतल्या अळ्यांकडे पाहिलं.

"इतकी वर्सं झाली," ती म्हणाली. "नाल्यानाल्यानं फिरला. साऱ्या जगाले सांगून फिरला, कोण कुठचा ते. अन ह्या बारवेवर येऊन एकदा तरी म्हणला का, बाई, मी चुकलो? त्या दिवशी मी तुले हात जोडून सांगतलं होतं, टाकू नको. तू म्हणला, तुले काय समजते, तू अनपढ."

कळशीवालीनं कळशी खाली ठेवली. काका उठून उभे राहिले. खिशातली डबी त्यांनी उगाच काढली, परत ठेवली. मग तिच्यासमोर, नायकासमोर, सगळ्या तांड्यासमोर ते म्हणाले, "चुकलो बाई. तुले समजत होतं. मले नोतं समजत."

आवाज इतका बारीक आला की मागच्या बायांनी काय म्हणाला म्हणून विचारलं. सोनकीबाईनं स्वतःच त्यांना मोठ्यानं सांगितलं, चुकलो म्हणला. मग तिनं भावाचं मनगट धरलं आणि ओढतच आपल्या गोठ्याकडे नेलं. आम्ही सगळे मागोमाग. गोठ्याच्या कडेला गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, पुरुषभर लांब, शेवाळलेली, अर्ध्यावर पाणवेल पसरलेली.

"आता डोकाव," ती म्हणाली.

काका वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. वेलीच्या सावलीत आधी काहीच दिसेना, आणि मग दिसलं ते पांढरे ठिपके. दहा, वीस, मोजता येईनात इतके. ठिपके हलत होते, थांबत होते, वळत होते. नारळ फुटायच्या दिवशी पहाटे सोनकीबाई दोन कळशा भरून टिकल्या घेऊन आली होती, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या त्या तिच्या डोणीत नांदत होत्या. उन्हाळ्यात स्वतःचं पाणी दुरून आणायची वेळ आली तरी तिनं डोण कोरडी पडू दिली नव्हती.

काका सरळ झाले तेव्हा त्यांच्या मिशांवरून पाणी ओघळत होतं. त्यातलं डोणीचं किती आणि डोळ्यांचं किती, कोण जाणे. ते हसत होते, रडत होते, आणि बहिणीच्या पाया पडायला वाकले तर तिनं पाठीत एक धपका घातला.

"सांगतलं काहून नाही मले?" ते म्हणाले.

"तू विचारलं काहून नाही?" ती म्हणाली.

अर्ध्या टिकल्या डोणीतच राहिल्या. तसं सोनकीबाईनं ठरवलं, कारण तिचा अजून सरकारवर आणि भावावर पुरता विश्वास नव्हता. अर्ध्या वाजतगाजत बारवेत गेल्या. हार या वेळी तिच्या गळ्यात होता. त्यातल्या तीन काकांनी पाचव्या बरणीत ठेवल्या आणि त्या दिवशी माझं एकही काम होऊ दिलं नाही.

भाद्रपदात वरचे साहेब तपासणीला आले. बारवेत गप्पी नाहीत हे ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी स्वतः पायऱ्या उतरून लांब दांड्याच्या पळीनं पाणी काढलं, एकदा, दोनदा, दहा वेळा. अळी नाही. अकराव्या पळीत नखाएवढं एक पिल्लू आलं, डोक्यावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. साहेब म्हणाले, "हे काय आहे?" काका म्हणाले, "हे इथलंच हाये, साहेब." साहेबांनी आपला चष्मा पुसला, पिल्लू पुन्हा नीट पाहिलं आणि हळूच पळी पाण्यात वाकडी केली. काका निवृत्त झाले तेव्हा भाषणं झाली, शाल मिळाली. मला विचाराल तर त्यांचा सत्कार त्या पळीत झाला होता.

त्यानंतर दीड वर्षानं माझी यवतमाळला बदली झाली. निरोप समारंभाला काका तांड्यावरून आले, नवा पांढरा शर्ट घालून, खिसा जुन्यासारखाच लोंबता. सगळ्यांनी काही ना काही दिलं. काकांनी एक लहान बाटली माझ्या हातात ठेवली. आत दोन टिकल्या. "तुमच्यासाठी," एवढंच म्हणाले. इथला मासा दुसरीकडे नेऊ नये हा स्वतःचाच नियम त्यांनी मोडला होता, हे मला ठाऊक होतं; मी बाटली छातीशी धरली. केंद्रातले सगळे टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान घेऊन एसटीत बसले. बाटली मांडीवर धरली होती. तांड्याच्या फाट्याशी बस अचानक थांबली. रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून काका उभे होते. कंडक्टरनं दार उघडलं, पण ते चढले नाहीत. खिडक्या मोजत माझ्यापर्यंत आले.

"म्याडम," ते म्हणाले. धाप लागली होती. "देलं ते देलं. माणसानं देलेलं मांगू नये. मले समजते. पण परत द्या."

सगळी बस वळून पाहू लागली. माझ्या शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसत होती. खरं सांगायचं तर मीही रात्रभर त्याच काळजीत होते, की यवतमाळला नेऊन या दोघींचं मी करणार काय. मी खिडकीतून बाटली बाहेर दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"तुमच्या घराच्या मांगं नाला हाये न?" त्यांनी विचारलं.

"आहे. घाण आहे, काका."

"असू द्या. वरच्या अंगाले जा, जिथं पाणी साफ असन तिथं. चप्पल काढून उतरा. दोन पळ्या पाहून वापस नका येऊ. तिथलं कोणी तरी असनच."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बस हलली. मी खिडकीतून मान बाहेर काढून हात हलवत राहिले, ओरडलेसुद्धा. काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते रस्त्याच्या कडेला उभे होते, बाटली डोळ्यांसमोर सकाळच्या उन्हाला धरून, आणि आतल्या दोघींना काहीतरी समजावून सांगत होते. मग वळले आणि पाणी डचमळू नये म्हणून पाऊल जपून टाकत तांड्याच्या वाटेनं चालू लागले. त्यानंतर मी काकांना पाहिलेलं नाही.

त्या रविवारी मी चप्पल काढून नाल्यात उतरले. दुपार झाली तेव्हा शेवाळाखालून एक करडा, तोंडाशी मिशा असलेला, अंगठ्याएवढा मासा बाहेर आला आणि माझ्या पायाच्या बोटाला हुंगून गेला. मी काठावर उभ्या असलेल्या सासूबाईंना हाक मारली आणि म्हणाले, "आई, या ना खाली. आपले शेजारी भेटलेत."